किलिमांजारोचा सराव: चढण्याचा कमी, उतरण्याचा जास्त

टांझानियातल्या किलिमांजारोला मचामे किंवा लेमोशो वाटेने जाणाऱ्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत एक दिवस असा असतो, की नुसतं वाचून त्याचा अंदाज येत नाही. मध्यरात्रीच्या सुमारास बराफू कॅम्पवरून, म्हणजे साधारण ४६७० मीटरवरून निघायचं. पहाटे स्टेला पॉइंट, ५७५६ मीटर. तिथून ज्वालामुखीच्या विवराच्या कडेकडेने उहुरू शिखर, ५८९५ मीटर. इथवरचं सगळ्यांनी मनात धरलेलं असतं. पण त्याच पायांनी परत बराफूला उतरायचं असतं, तास-दोन तास आडवं व्हायचं असतं आणि मग सॅक पाठीला लावून ३१०० मीटरच्या आसपास असलेल्या म्वेका कॅम्पपर्यंत आणखी खाली जायचं असतं. बेरीज केली तर एका दिवसात सव्वाबाराशे मीटर चढ आणि अठ्ठावीसशे मीटर उतार. दुसऱ्या दिवशी म्वेका गेटपर्यंत उरलेला चौदाशे-पंधराशे मीटरचा उतार वेगळाच.

आमच्या सरावाची आखणी आम्ही या आकड्यापासून मागे येत केली. शिखर गाठता येणं न येणं हे बरंचसं विरळ हवेवर ठरतं. ५८९५ मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो आणि त्याची सवय कमी उंचीच्या डोंगरांवर कितीही घाम गाळला तरी होत नाही. उताराची तयारी मात्र तिथे पूर्ण होते. तरीही बहुतेक जण सरावात चढाची मीटर मोजतात आणि उतार म्हणजे परतीचा वेळ, असं समजून तो उरकून टाकतात.

एकूण सोळा आठवडे धरले. आठवड्यातून दोन छोटे सराव, पाऊण ते एक तासाचे, पायऱ्यांवर किंवा जवळच्या चढावर. सुट्टीच्या दिवशी एक मोठी चाल. पहिले चार आठवडे तीनशे-चारशे मीटर चढ-उतार आणि पाठीवर चार किलो. पुढचे चार आठवडे सहाशे मीटर आणि सहा किलो. त्यानंतर आठशे ते हजार मीटर आणि आठ किलो. बाराव्या आठवड्यानंतर लागोपाठ दोन दिवस मोठी चाल, कारण त्या डोंगरावर एक दिवस चालून दुसऱ्या दिवशी लोळायची सोय नाही. दर चौथ्या आठवड्यात सगळं निम्म्यावर आणायचं. हा आठवडा गाळायचा मोह फार होतो, कारण नेमकं तेव्हा अंगात जोर आल्यासारखं वाटत असतं. पण स्नायूंपेक्षा स्नायुबंध आणि सांधे सावकाश तयार होतात. दम वाढला म्हणून ओझं आणि उंची दोन्ही एकाच आठवड्यात वाढवली, की टाच नाही तर गुडघा बोलायला लागतो. एका वेळी एकच गोष्ट वाढवावी.

मोठा डोंगर जवळ नसला तरी अडत नाही. दीडशे मीटरची टेकडी सहा वेळा चढली-उतरली की नऊशे मीटर होतात, आणि तिसऱ्या फेरीनंतर येणारा कंटाळा हाही सरावाचाच भाग धरावा. तेही नसेल तर इमारतीचा जिना. एक मजला साधारण तीन मीटर धरला तर शंभर मजल्यांचे तीनशे मीटर होतात. मात्र वर जाऊन लिफ्टने खाली येऊ नये, नाहीतर ज्यासाठी सगळा खटाटोप तेच निसटतं.

आपण नेमके कुठे आहोत हे कळायला नेस्मिथचा जुना नियम पुरेसा आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला हा हिशेब आहे: सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास आणि वर दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे बारा किलोमीटर आणि नऊशे मीटर चढ असेल तर साधारण तीन तास पन्नास मिनिटं, विश्रांती सोडून. आठ किलो पाठीवर घेऊन या वेळेच्या सव्वापटीत चाल संपत असेल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघता येत असेल, तर दमाची बाजू ठीक आहे असं मानायला हरकत नाही.

मात्र हा वेग सरावापुरता. बराफू ते स्टेला पॉइंट हा जवळजवळ अकराशे मीटरचा चढ सहाएक तासांत होतो, म्हणजे तासाला एकशे ऐंशी मीटरच्या आसपास. तिथले वाटाडे दिवसभर 'पोले पोले', हळूहळू, असं म्हणत असतात ते उगाच नाही. तयारी चांगली असलेल्या माणसाला इतकं हळू चालणं खरोखर जड जातं. तंदुरुस्तीमुळे उंचीचा त्रास टळत नाही. उलट ज्याच्या पायांत जोर असतो तो नकळत पुढे पळतो आणि संध्याकाळी डोकं धरून बसतो. म्हणून दर दोन मोठ्या चालींपैकी एकीतला शेवटचा तासभराचा चढ आम्ही मुद्दाम रेंगाळत करायचो. पाऊल निम्मं. मागचा पाय सरळ ठेवून क्षणभर त्याच्यावर, म्हणजे स्नायूंऐवजी हाडांवर, भार टाकायचा आणि मगच पुढचा पाय उचलायचा. एक अख्खं वाक्य न तोडता बोलता आलं पाहिजे. ते तुटलं की वेग जास्त आहे. घड्याळापेक्षा ही परीक्षा भरवशाची.

आता उतार. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि शरीर वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि ताणला जात असतानाच त्याला ब्रेक लावायचा असतो. या उलट्या कामात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि दुखणं लगेच न येता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं. जिना उतरताना कठडा धरावा लागतो तो त्यामुळेच. यातली चांगली गोष्ट अशी, की एकदा हे सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे तेवढ्याच उतारावर बराच कमी दुखतो. म्हणून उतारही पायरीपायरीने वाढवायचा: आधी तीनशे मीटर, मग पाचशे, आठशे, हजार. आणि शेवटचा मोठा उतार निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी करायचा. त्याहून उशिरा केला तर दुखणं सोबत घेऊन जावं लागतं, आणि फार आधी केला तर कमावलेलं ओसरतं.

ओझं म्हणून पाणी घेण्याचा फायदा इथे कळतो. एक लिटर म्हणजे एक किलो, तराजू लागत नाही. पहिल्या दोन महिन्यांत वर पोचल्यावर पिण्यापुरतं ठेवून बाकीचं झाडाच्या बुंध्याशी ओतून द्यावं आणि हलक्या पाठीने उतरावं. गुडघ्यांना सवय झाली की ओतणं बंद. तेच ओझं खालीही आणायचं. आम्ही नवव्या आठवड्यापासून ओतणं बंद केलं.

उतरण्याची पद्धतही शिकावी लागते. पाऊल छोटं, गुडघा किंचित वाकलेला, नजर पायाशी न ठेवता तीन-चार पावलं पुढे. घाबरलेला माणूस मागे रेलतो. मग भार टाचेच्या मागच्या कडेवर जातो, तळव्याची पकड सुटते आणि घसरायचं नाही म्हणून केलेल्या गोष्टीनेच तो घसरतो. कडक जमिनीवर बारीक खडे पसरलेले असतील तर पूर्ण तळवा एकदम टेकवावा. स्टेला पॉइंटच्या खाली आहे तसा खोल, भुसभुशीत घसारा असेल तर उलट वागायचं: टाच आधी रोवायची आणि पायाखालचा मुरूम जितका सरकेल तितकं त्याच्याबरोबर खाली जायचं. त्याला अडवायला गेलं की मांड्या भरून येतात. असा घसारा सरावाच्या वाटेवर पन्नास मीटर जरी मिळाला तरी त्यावर पाच-सहा वेळा वर-खाली करावं. बुटांत खडे जाऊ नयेत म्हणून पोटरीवर बांधायचे गेटर्स इथेच वापरून बघावेत. त्यांचा खालचा पट्टा बुटाच्या तळाखाली नीट बसत नसेल तर तो पहिल्याच दिवशी दगडावर घासून तुटतो.

काठ्या दोन हव्यात. चढाला कोपर काटकोनात येईल एवढी लांबी, उताराला पाच ते दहा सेंटिमीटर जास्त. हात पट्ट्यातून खालून वर घालायचा आणि मग पट्ट्यासकट मूठ धरायची, म्हणजे भार मनगटावर येतो आणि पकड सैल ठेवता येते. वरून हात घालणारे दिवसभर मूठ आवळून चालतात. पिळून घट्ट होणाऱ्या काठ्या भाराखाली हळूच आत सरकतात आणि ते नेमकं उतारावर, पूर्ण वजन टाकल्यावर कळतं. दर तासाला एकदा दाबून बघायची सवय सरावातच लागलेली बरी.

गुडघ्याच्या दुखण्यांत फरक करायला शिकावं. मांडीत पसरलेलं, दोन्हीकडे सारखं, तीन-चार दिवसांत जाणारं दुखणं हे सरावाचं. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, ठरावीक अंतर उतरल्यावर सुरू होऊन वाढत जाणारं, किंवा वाटीच्या मागे बोचणारं दुखणं वेगळं. अशा वेळी चढ चालू ठेवून उतार कमी करता येतो: वर चालत जायचं आणि शक्य असेल तिथे गाडीने खाली यायचं. चाल बदलायला लावणारं दुखणं असेल तर मात्र थांबायचं आणि दाखवून घ्यायचं. पूर्वतयारी म्हणून वीसएक सेंटिमीटर उंच पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच तीन सेकंदांत जमिनीला टेकवायची आणि पुन्हा वर यायचं. पंधराची तीन आवर्तनं, आठवड्यातून दोनदा. गुडघा आतल्या बाजूला कलू द्यायचा नाही, तो दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. आरशासमोर केलं की लबाडी दिसते.

सगळ्यात जास्त पैसे लोक बुटांवर घालतात आणि सगळ्यात कमी वेळही बुटांनाच देतात. बूट दिवस कलल्यावर घ्यावेत, कारण चालून पाय किंचित फुगलेले असतात. डोंगरावर घालायचे तेच मोजे घालून, उतरत्या फळीवर उभं राहून बुटाचं टोक दोन-तीनदा आपटून बघावं. बोटं पुढे टेकली तर एक माप मोठं. अठ्ठावीसशे मीटर उतरताना ही मोकळी जागा नखं वाचवते. म्वेकाच्या वाटेवर काळंनिळं झालेलं अंगठ्याचं नख बहुतेक वेळा आखूड बुटाचं किंवा सैल नाडीचं असतं. चढाला घोट्याची नाडी थोडी सैल, उताराला घट्ट. घोट्याच्या वळणापाशी नाडीची दुहेरी पीळगाठ मारून मग बुटाच्या वरच्या हुकांत नाडी नेली, की टाच मागे राहते आणि बोटं पुढे सरकत नाहीत. हे मोठ्या उताराआधी थांबून करायचं काम आहे, दोन मिनिटं लागतात, आणि तरीही दहातले आठ जण ते करत नाहीत. नखं निघायच्या चार-पाच दिवस आधी सरळ रेषेत कापावीत. आदल्या रात्री कापली तर कडा टोचतात.

फोड तीन गोष्टींनी येतो: घर्षण, ओल आणि उष्णता. यातली एक काढली तरी पुरतं. टाच गरम वाटली की त्याच मिनिटाला थांबून चिकटपट्टी लावायची. 'पुढच्या थांब्यावर बघू' म्हटलं की पुढच्या थांब्यापर्यंत पाणी भरलेलं असतं. पट्टीचे कोपरे गोल कापले तर मोज्यात गुंडाळून निघत नाही. बारीक आतला मोजा आणि वर लोकरीचा जाड मोजा, अशी जोडी काहींना मानवते, काहींना त्यामुळेच बूट घट्ट होतो. तेही सरावातच ठरवायचं. बूट निदान शंभर किलोमीटर चाललेले असावेत. आणि कपाटातून काढलेल्या जुन्या, कमी वापरलेल्या बुटांवर भरवसा ठेवू नये. तळाच्या मधल्या थराचं पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने वर्षानुवर्षं झिजत असतं, बूट वरून नवा दिसतो आणि एखाद्या चढावर अख्खा तळ सोलून निघतो. असा बूट सरावात फुटला तर ती भाग्याची गोष्ट समजावी.

पाठीवर किती घ्यायचं हे तिथल्या नियमांवरून ठरतं. किलिमांजारोवर पोर्टरने एकूण वीस किलोंपेक्षा जास्त उचलायचं नसतं, आणि म्हणून तो वाहतो ती आपली डफल बॅग साधारण पंधरा किलोंत बसवावी लागते. दिवसा लागणारं बाकी सगळं, म्हणजे तीन लिटर पाणी, पावसाचं जाकीट, गरम जाकीट, हातमोजे, खाऊ आणि औषधं, आपल्याच पाठीवर. त्याचे सात-आठ किलो सहज होतात. सरावातलं ओझं याच वस्तूंचं असावं. तळाशी विटा टाकून चालणाऱ्याला सॅक कशी भरायची हे कधीच कळत नाही. जड वस्तू पाठीला लागून, खांद्याच्या खालच्या भागात. कमरपट्टा कमरेच्या हाडावर, पोटावर नाही. खांदे दुखत असतील तर नव्वद टक्के वेळा तो पट्टा खाली घसरलेला असतो.

रात्रीची चाल एकदा तरी करावीच, चौदाव्या आठवड्याच्या सुमारास. संध्याकाळी लवकर जेवून सहा-सातला झोपायचं (झोप लागत नाही, तिथेही लागत नाही), अकराला उठायचं आणि बाराला निघायचं. ओळखीची वाट, किमान तिघे जण, रात्री तिथे जायला परवानगी आहे की नाही ते आधी विचारलेलं आणि परतीची वेळ घरी सांगितलेली. सहा तास, सात-आठशे मीटर चढ, थांबे पाच मिनिटांपेक्षा मोठे नाहीत, कारण तिथे उणे दहाच्याही खाली जाणाऱ्या थंडीत त्याहून जास्त थांबलं की अंग गार पडतं. तीन ते चारच्या दरम्यान डोळे मिटायला लागतात. पुढच्याच्या टाचांकडे टक लावून चाललं तर ते जास्त होतं, अधूनमधून नजर उचलावी. भूक नसतानाही तासाला काहीतरी खायचं असतं, तेव्हा नेमकं काय घशाखाली जातं ते या रात्री कळतं. काही एनर्जी बार थंडीत दगडासारखे होतात. ते आतल्या खिशात, अंगाजवळ.

पाण्याचंही तसंच. नळीवाली पिशवी दिवसा सोयीची, पण शिखराच्या रात्री आधी नळी गोठते. प्रत्येक घोटानंतर फुंकून नळीतलं पाणी परत पिशवीत ढकलायचं, आणि तरीही एक रुंद तोंडाची बाटली मोज्यात घालून, उलटी ठेवून न्यायची. बर्फ वरून धरतो, त्यामुळे उलट्या बाटलीचं झाकण मोकळं राहतं. हेडटॉर्चमध्ये लिथियमच्या नव्या बॅटऱ्या, आणि जादा जोडी आतल्या खिशात. थंडी सरावात मिळत नसली तरी हातमोज्यांचा सराव कुठेही होतो: जाड मोजे घालून चेन उघडणं, नाडी बांधणं, अंधारात बॅटरी बदलणं, मोजे न काढता जाकीट चढवणं. मोज्यांना मनगटाशी बांधायची दोरी लावून घ्यावी. वाऱ्यात उडालेला मोजा परत मिळत नाही.

बराफू या शब्दाचा स्वाहिलीतला अर्थ बर्फच. फारसीतून आपल्याकडे आला तसाच तिकडेही गेला. नावात बर्फ असलं तरी त्या कॅम्पवर पाणी नाही, ते पोर्टर खालच्या करंगा दरीतून वाहून आणतात. मोजून, थोडंथोडं आणि सतत पिण्याची सवय सरावातच लागली पाहिजे.

वाटेतल्या बारांको भिंतीची धास्ती बरेच जण घेतात. अडीचशे मीटरांच्या आसपासची ही चढण हातांचा आधार घेत चढायची, दोर लागत नाही. दृष्टिभय, म्हणजे खालची खोली दिसून वाटणारी भीती, थोडं आहे. काठ्या सॅकला बांधून, तीन ठिकाणी पक्का आधार ठेवत चार-दोन सोपे कातळटप्पे आधी चढलेले असले की पुरे.

उंचीची सवय तिथेच, दिवस देऊन करायची. सात-आठ दिवसांचा कार्यक्रम घ्यावा. लाव्हा टॉवर या वाटेतल्या कातळसुळक्याला, साधारण ४६३० मीटरवर, दुपारी पोचून झोपायला ३९७० मीटरच्या आसपासच्या बारांको कॅम्पला उतरणं हा त्यातला सगळ्यात कामाचा दिवस. सवड असेल तर आधी शेजारचा मेरू करावा. अरुशा राष्ट्रीय उद्यानातला हा पर्वत साडेचार हजार मीटरांहून थोडा उंच आहे, तीन-चार दिवस लागतात, आणि वाटेत वन्य प्राणी असल्याने बंदूकधारी रेंजर बरोबर असतो. उंचीवरच्या औषधांबद्दल मात्र डॉक्टरांशीच बोलावं, आणि घ्यायचं ठरलं तर ते अंगाला मानवतं का हे आधी घरी बघावं.

शेवटचे दोन आठवडे हलके. पहिल्यात निम्मं, दुसऱ्यात फक्त दोन-तीन छोट्या चाली, ओझ्याशिवाय. या दिवसांत अपराधी वाटतं आणि कोणी ना कोणी शेवटचा एक मोठा डोंगर मारून येतो, मुरगळलेला घोटा घेऊन. तो वेळ सामान भरण्यात घालवावा. टांझानियात जून २०१९ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे, त्यामुळे कपडे पॉलिथिनच्या पिशव्यांत बांधून न्यायची सवय सोडून रोल करून बंद होणाऱ्या जलरोधक पिशव्या घ्याव्यात. डफल भरून वजन करावी, तीनदा. विमानात बूट पायातच घालावेत. सरावातले मोजे, पहिल्या दिवसाचे कपडे आणि औषधं हातातल्या सॅकमध्ये. डफल हरवली तर जाकीट, झोपायची पिशवी, काठ्या मोशी किंवा अरुशा या जवळच्या शहरांत भाड्याने मिळतात. शंभर किलोमीटर चाललेले आपल्या मापाचे बूट मिळत नाहीत.